मॅडमसाठी छोटी दाखवा

“मॅडमसाठी छोटी दाखव रे, ती कोपऱ्यातली.”

सांगलीतल्या एका शोरूमचं दार ढकलून आत गेले आणि पहिलं वाक्य कानावर पडलं ते हे. मी कोणती गाडी हवी ते सांगितलंच नव्हतं. रोज किती किलोमीटर जाते, कुठल्या रस्त्यानं जाते, गाडीत कोण बसतं, पैसे किती आहेत, यातलं काहीच कुणी विचारलं नव्हतं. एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, साडी दिसली आणि गाडीचं माप ठरलं. बांगडी भरतानासुद्धा कासार आधी हात हातात घेऊन बघतो. इथं तेवढीही तसदी नाही.

सोबत माझा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. त्याच्याकडे अजून लायसन नाही. पुढची वीस मिनिटं विक्रेता त्याच्याशी बोलत राहिला. “सर, हिचा पिकअप बघा. सर, हिला सनरूफ आहे.” मी काही विचारलं की उत्तर सरांना. माझ्या वाट्याला दोनच प्रश्न आले: रंग कोणता आवडेल, आणि चहा घेणार का. चक्कर मारून बघू म्हटलं तर म्हणाला, “मॅडम, तुम्ही मागे बसून कम्फर्ट बघा. गाडी आमचा पोरगा चालवेल.”

मी सतरा वर्षं गाडी चालवते आहे.

मैत्रिणींनो, ही तक्रार एका विक्रेत्याबद्दल नाही. घराघरात जे चालतं तेच तो दुकानात करत होता. आमच्याकडेही गाडी घ्यायचं निघाल्यावर प्रत्येकाला मत फुटलं. दीर म्हणाले, “वहिनी, सीएनजीच घ्या, पेट्रोलचं परवडायचं नाही.” नवरा म्हणाला, “ऑटोमॅटिक घे, तुला बरं पडेल.” सासऱ्यांचं म्हणणं, गाडी दारात शोभली पाहिजे. भावाला विकताना किती पैसे येतील याची काळजी. हप्ता जाणार माझ्या पगारातून आणि रोज चाकामागे बसणार मी. पण “तुला चालवायला कोणती आवडते गं?” हा प्रश्न एकानंही विचारला नाही. विचारावा असं कुणाला वाटलंच नाही, ही त्याहून मोठी गोष्ट.

म्हणून हे लिहिते आहे. जी बाई रोज गाडी चालवणार तिनंच ती निवडली पाहिजे. आणि निवडताना सोयीइतकाच स्वतःच्या आवडीचाही विचार केला पाहिजे, बिनदिक्कत. आवड ही चैन नाही. ते का, ते पुढं सांगते.

आधी सोयीबद्दल बोलू. कारण ‘बायकांची गाडी’ म्हणजे सोयीची गाडी असं सगळे धरून चालतात, पण ती सोय कुणाच्या डोळ्यांनी पाहिलेली असते?

मी साताऱ्यात राहते. शाळा उंब्रजच्या बाजूला, महामार्गापासून आत. जाऊन येऊन सत्तर किलोमीटर होतात. सोबत दोघी सहकारी असतात, पेट्रोलचा खर्च तिघींत वाटून घेतो. महिन्यातून तीन-चार वेळा आईकडे सांगलीला जाते. कराड, पेठ नाका, आष्टा करत एका बाजूचे सव्वाशेच्या आसपास किलोमीटर. आईचे गुडघे गेलेले. तिला मिरजेला दवाखान्यात न्यायचं तर घडीची चाकाची खुर्ची डिकीत टाकावी लागते.

या रस्त्यावरून जे जातात त्यांना वेगळं सांगायला नको. सातारा ते कागल सहापदरीकरणाचं काम सुरू झालं आणि कुठं वळण लागेल, कुठं खडी येईल याचा नेम राहिला नाही. पेठ–सांगली रस्त्यानं तर वर्षानुवर्षं आमची हाडं मोजली. उसाचा हंगाम सुरू झाला की एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. अंधारात दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाहीत. पावसाळ्यात कृष्णेचं भय वेगळंच. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, दोन वर्षांनी जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. पाण्यातून गाडी घालावी असं मी म्हणत नाही, कुणीच घालू नये. पण ओढ्याकाठच्या खचलेल्या रस्त्यावर गाडीचं पोट जमिनीला घासणार की नाही, हा माझा रोजचा प्रश्न आहे.

आता या हिशेबानं बघा. मला हवी अशी गाडी, जिची खालची उंची खड्ड्यांना पुरेल. जिचे दिवे खरोखर लांब पडतील. जिचे ब्रेक ऐनवेळी लागतील आणि लागल्यावर गाडी सरळ राहील. जिच्यात आईला ना खाली वाकून बसावं लागेल, ना वर चढावं लागेल. जिच्या डिकीत खुर्ची मावेल. दिरांची सीएनजी स्वस्त पडते हे खरं, पण मी पाहिलेल्या गाडीत टाकीनं डिकीच भरली होती. आईची खुर्ची काय टपावर बांधू? आणि ऑटोमॅटिक. आपल्याकडे २०१४ साली सेलेरिओबरोबर स्वस्तातली ऑटोमॅटिक आली, तेव्हापासून ती ‘बायकांची’ ठरली. ऑटोमॅटिकमध्ये वाईट काहीच नाही. ज्यांचा गुडघा दुखतो, ज्यांना पुण्याच्या गर्दीत रोज तासभर क्लच दाबावा लागतो, त्यांनी अवश्य घ्यावी. पण ‘तुला बरं पडेल’चा खरा अर्थ ‘तुला गिअर जमत नाही’ असा असेल, तर तो अपमान आहे आणि मी तो हप्ते भरून विकत घेणार नाही.

कोपऱ्यातली छोटी गाडी वाईट होती असंही नाही. एखादीच्या गल्लीला, एखादीच्या खिशाला तीच बरोबर असेल. माझा राग गाडीवर नाही. काही न विचारता ती मला नेमून दिली, त्यावर आहे.

गाडीचं माप कुणाच्या शरीरावरून घेतलं जातं, हेही एकदा बघायला हवं. गाडी धडकल्यावर आतल्या माणसाचं काय होतं हे तपासायला बाहुले बसवतात. कित्येक दशकं तो बाहुला सरासरी अमेरिकन पुरुषाच्या बांध्याचा होता. बाईचा म्हणून जो वापरात आला तो पुरुषाचाच बाहुला लहान करून केलेला. बाईची मान, छाती, कंबर वेगळी असते, ती स्टिअरिंगच्या जास्त जवळ बसते, हे हिशेबात फार उशिरा आलं. अमेरिकेत २०११ साली झालेल्या अभ्यासात पट्टा लावलेल्या चालक बाईला गंभीर इजा होण्याची शक्यता पट्टा लावलेल्या चालक पुरुषापेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त दिसली. २०१९ साली व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अभ्यासात समोरून होणाऱ्या धडकेत ती ७३ टक्क्यांनी जास्त निघाली. ही आकडेवारी तिकडची आहे, पण बाई इकडची असो की तिकडची, बाहुला तोच होता.

माझी उंची पाच फूट. स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीच्या हाडापर्यंत निदान २५ सेंटिमीटर अंतर असावं असं सांगतात, नाहीतर वाचवायला फुगणारी एअरबॅगच इजा करते. शोरूममधल्या पहिल्या गाडीत क्लच पूर्ण दाबायला सीट पुढं ओढली तर ते अंतर एका वितीपेक्षाही कमी भरलं. सीट वर-खाली करायची सोय आहे का विचारलं, तर ती ‘वरच्या मॉडेलला’. म्हणजे बुटक्या माणसाला रस्ता दिसणं ही चैनीची वस्तू. आपल्याकडे चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून, शेजारच्या सीटसाठी त्यानंतर. जुनी गाडी घेणाऱ्या मैत्रिणींनी हे ध्यानात ठेवावं. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये एकही एअरबॅग नसू शकते. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशातही भारत एनकॅप ही धडक-चाचणी सुरू झाली, तिचे तारे बघूनच गाडी घ्या. कंपनीनं गाडी चाचणीला दिलीच नसेल, तर का दिली नाही हे विचारा. सनरूफचं कौतुक त्यानंतर.

बाई आणि वाहन हे प्रकरण आपल्या भागात आजचं नाही. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली ‘स्त्री’ मासिक सुरू केलं. ज्या उद्योगाच्या अंगणात ते निघालं, त्याची सुरुवात लक्ष्मणरावांच्या बेळगावच्या सायकल दुकानापासूनची. पण सायकल बाईपर्यंत पोचायला त्यानंतरही किती वर्षं गेली! १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकनं लूना आणली. मग बिनगिअरची कायनेटिक होंडा आली, मग स्कूटी. शिक्षिका, नर्स, बँकेतल्या बाया या दुचाक्यांवरून कामाला जायला लागल्या आणि कुणावाचून अडणं थांबलं. दुचाकीवर बाई बसली हे समाजानं पचवलं. चारचाकी मात्र कुटुंबाची, आणि कुटुंबाचा म्हणजे कर्त्या पुरुषाचा हक्क, असं राहिलं.

रतन टाटा नॅनोच्या जन्माची गोष्ट सांगत. पावसात एका स्कूटरवर अख्खं कुटुंब चाललेलं त्यांनी पाहिलं: नवरा चालवतो आहे, पुढं एक मूल उभं, मागे बायको, तिच्या कडेला बाळ. या लोकांना परवडेल अशी सुरक्षित गाडी हवी, असं त्यांना वाटलं. भावना चांगलीच होती. २००८ साली ती गाडी लोकांना दाखवली, २०१८ पर्यंत ती बनत होती. पण त्या चित्रात बाई कुठं आहे ते बघा. स्कूटरवर ती मागे होती. गाडीत आली तरी ती शेजारी किंवा मागेच बसणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. तिच्या हातात बाळाऐवजी स्टिअरिंग असू शकतं, ही कल्पना करायला काय बिघडलं असतं?

याच समूहातली आणखी एक गोष्ट. १९७४ साली टेल्कोनं इंजिनीअर हवेत अशी जाहिरात दिली, त्यात स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं छापलं होतं. बेंगळुरूला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. त्यांना मुलाखतीला बोलावलं आणि पुण्याला नोकरीही मिळाली. आज त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात बायका मोठ्या एसयूव्हीची जोडणी करतात. म्हणजे बाई गाडी बनवू शकते. मग तिला ती निवडायची अक्कल नाही, असं कसं?

आता आवडीबद्दल, कारण खरा अडथळा तिथं आहे. बाईनं एखादी वस्तू घ्यायची तर ती घरासाठी हवी. मिक्सर घरासाठी, फ्रीज घरासाठी, गाडी मुलांच्या क्लाससाठी आणि सासूबाईंच्या औषधासाठी. ‘मला चालवायला मजा येते’ हे कारण बाईच्या तोंडी कुणाला सहन होत नाही. पुरुष मात्र बिनधास्त सांगतो, इंजिनाचा आवाज आवडला म्हणून घेतली. त्याचं ते रसिकपण, आपलं ते लाड.

मीही आधी लाजत होते. म्हणून इथं उघड सांगते, मला गाडी चालवायला आवडते. यवतेश्वरच्या घाटात पहाटे, कासला जाणारी गर्दी सुरू व्हायच्या आत, तिसऱ्यातून दुसऱ्यात गिअर टाकत वळण घेणं मला आवडतं. स्टिअरिंग हाताला जड-हलकं लागलेलं कळतं, टायर रस्ता धरतो ते कळतं. त्या अर्ध्या तासात मला कुणाला सोडायचं नसतं, कुणाला आणायचं नसतं. असा अर्धा तास किती बायकांच्या आठवड्यात असतो?

आणि ही मजा व्यवहारातही उपयोगी असते. आमच्या ओळखीतल्या एकीला नवऱ्यानं मोठी गाडी घेऊन दिली, तिच्याच कर्जावर. तिचे पाय नीट पोचत नव्हते, बॉनेट कुठं संपतं ते दिसत नव्हतं. दोनदा गाडी घासली. घरात रोज बोलणी. मग ‘राहू दे, मी सोडतो तुला’ सुरू झालं. आज गाडी तो वापरतो, हप्ता ती भरते आणि ऑफिसला एसटीनं जाते. तिच्याकडून कुणी चावी हिसकावून घेतली नाही. न आवडणारी गाडी हळूहळू आपोआप दुसऱ्याच्या हातात जाते. जी गाडी चालवावीशी वाटते तिचीच चावी बाईकडे टिकते. म्हणून म्हणते, आवड ही चैन नाही.

चावीइतकेच कागदही महत्त्वाचे. गाडीच्या विम्यात मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो मिळण्यासाठी गाडी तिच्या नावावर हवी, विमा तिच्या नावावर हवा आणि तिच्याकडे चालू लायसन हवं. नवऱ्याच्या नावावरची गाडी तुम्ही रोज चालवत असाल, तर ते संरक्षण तुम्हाला नाही. आणि केवळ कर्ज सोपं मिळावं म्हणून गाडी तुमच्या नावावर केली असेल पण तुमच्याकडे लायसनच नसेल, तरी नाही. आजच कपाटातली फाइल काढून बघा.

लग्नात ‘दिलेल्या’ गाडीबद्दल तर बोलायलाच हवं. आपल्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात गाडीशिवाय लग्न म्हणजे मुलीच्या बापाची मान खाली. ती गाडी मुलीच्या नावानं येते आणि चालवतो जावई. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका तरुण सुनेच्या मृत्यूनंतर लग्नात दिलेल्या फॉर्च्युनरची चर्चा महाराष्ट्रभर झाली. खटल्याचं काय व्हायचं ते कोर्टात होईल. पण त्या दिवसांत टीव्हीवर गाडीचं नाव ऐकताना मला एकच वाटत होतं, अशा किती गाड्या आपल्या गावागावांत दारात उभ्या आहेत! हुंडा देणं-घेणं १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. शिवाय हुंडा म्हणून आलेली वस्तू दुसऱ्या कुणी घेतली, तर तीन महिन्यांत ती त्या बाईच्या स्वाधीन करावी लागते, असंही तोच कायदा सांगतो. मुलींनो, बापाला सांगा, गाडी द्यायची नाही. त्यातल्या थोड्या पैशात मला लायसन काढून दे, बाकी माझ्या शिक्षणाला ठेव. गाडी मी माझी घेईन.

हे सगळं गटाच्या बैठकीत बोलले तेव्हा एकीनं बरोबर अडवलं. “अगं, ऊसतोडीची बाई कोयता घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसून येते. आपण कुठल्या गाडीची मजा सांगतोय?” प्रश्न झोंबला आणि झोंबायलाच हवा. चारचाकी घेऊ शकणाऱ्या बायका थोड्या, मी त्यातली एक. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळाला आणि कितीतरी जणी माहेरी, दवाखान्यात, बाजारात जायला लागल्या. माझ्या एका गाडीपेक्षा ते काम मोठं आहे. पण महामार्गावर उड्डाणपूल झाले आणि गावं पुलाखाली राहिली. संध्याकाळी पुलाखाली अंधारात उभ्या असलेल्या बायका मी रोज बघते. जागा असली की दोघी-तिघींना घेते, नसली की मान खाली घालून पुढं जाते.

तरीही मला हे दोन वेगळे प्रश्न वाटत नाहीत. मला कोणती गाडी हवी हे ज्यांनी विचारलं नाही, ते पुलाखालच्या बाईलाही एसटी किती वाजता हवी, थांबा कुठं हवा, तिथं दिवा हवा का, हे विचारत नाहीत. बाईला कुठं जायचं ते दुसऱ्यानं ठरवायचं आणि कशातून जायचं तेही दुसऱ्यानंच. शोरूममध्ये आणि फाट्यावर चालतं ते एकच. म्हणून लढायचं दोन्हीकडे. माझी गाडी झाली म्हणून मी एसटीच्या थांब्याचा अर्ज लिहायचं सोडणार नाही.

शेवटी, गाडी घेणाऱ्या मैत्रिणींसाठी चार शब्द. शोरूममध्ये जाताना रोज जे नेसता-घालता तेच घालून जा, पायातही रोजचंच. सीट पुढं ओढून क्लच पूर्ण दाबा आणि वितीनं अंतर मोजा. पट्टा गळ्यावर नाही, खांद्यावरून जातो का बघा; पोटावर नाही, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. चक्कर स्वतः मारा आणि आपल्या रोजच्या रस्त्यावर मारा, शोरूमसमोरच्या गुळगुळीत डांबरावर नको. जमलं तर अंधार पडल्यावर दिवे लावून बघा. गाडीत जी म्हातारी माणसं बसणार त्यांना सोबत न्या. माझ्या आईला मी तीन गाड्यांत बसवून उठवलं, तिसरीत बसल्यावर ती म्हणाली, “हिच्यात मला कुणाचा हात लागत नाही.” तिचाही तो स्वतंत्रपणाच होता. आणि सगळं जमलं तरी चालवताना मन खूश होत नसेल, तर उठून या. दुसरी बघा.

मी कोणती घेतली ते मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर कुणीतरी म्हणेल, बाईंनी घेतलीय तीच घेऊ. म्हणजे पुन्हा दुसऱ्यानंच निवडलेली गाडी. एवढंच सांगते की तिला पाच गिअर आहेत, खुर्ची डिकीत मावते, कागद माझ्या नावावर आहेत, आणि परवा नवऱ्यानं विचारलं, “आज गाडी मी नेऊ का गं?”

विचारलं, हे महत्त्वाचं. मी म्हटलं, “आज नको. मला लागणार आहे.”

तुम्ही तुमची कशी निवडली, कुणाकुणाशी भांडलात, ते लिहून पाठवा. पुढच्या अंकात छापू.